पाठकोरे

रांगेत पहिला कागद माझ्या नावाचा होता, आणि तो मी पाठवलेला नव्हता. प्रिंटर तीन दिवस रुसून बसला होता. सुनेनं माझ्या सुट्टीसाठी फ्रिजवर चिकटवलेल्या कामांच्या यादीत त्याचा नंबर चौथा. आधी दिवाणखान्यातल्या टीव्हीचा आवाज, मग मुलाच्या जुन्या फोनमधले फोटो, मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन तिथंच घुटमळणारं इंटरनेट, मग प्रिंटर, आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, 'बाबांचा अभ्यास'. सुट्टीच्या सहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मुलगा आणि सून बाजारात गेल्यावर मी कॉम्प्युटरवर प्रिंटरची खिडकी उघडली. छापायचे राहिलेले कागद त्यात एकाखाली एक उभे होते. सून फिजिओथेरपिस्ट आहे, तिची 'गुडघ्याचे व्यायाम' नावाची फाइल होती, तिच्याखाली मी सकाळी पाठवलेली जुनी प्रश्नपत्रिका होती. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, चार वेळा, एकच नाव: बाबा_प्रवेश_रद्द. चार वेळा का, हे मला लगेच कळलं. मुलाची ती लहानपणापासूनची सवय. लिफ्ट येईना की बटण चार वेळा दाबायचं. प्रिंटर चालत नाही म्हटल्यावर त्यानं तेच केलं असणार आणि मग विसरून गेला असणार, कारण आपण दाबलेलं कुठंतरी साठून राहतं हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नसतं. पहिल्या वर्षी शिकवलं म्हणून माहीत.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि कॉम्प्युटरच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे वाक्य मी लोकांसमोर सहसा बोलत नाही, कारण बोललो की समोरचा हसतो किंवा कौतुक करतो, आणि दोन्हींत माझी मान खाली जाते. कॉलेज दुसऱ्या गावात आहे, तिथं मी एका खोलीत राहतो, आणि सुट्टीत मुलाकडे येतो. इथं माझी जी खोली होती तिच्यात आता सुनेचं व्यायामाचं टेबल आहे. त्यावर मी झोपतो. टेबल उंच आहे, सकाळी उतरताना पाय जमीन शोधतात. त्याबद्दल तक्रार नाही. वर्गात पहिले दोन महिने पोरं मला बघून उभी राहायची, मास्तर समजून. मग ती सवय मोडली आणि माझं नाव 'बॅकअप' पडलं, कारण मी सगळं हातानं उतरवून घेतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळा वर्ग माझ्या वहीचे फोटो काढतो. मागच्या परीक्षेत माझ्या वहीवर एकोणीस जण पास झाले. मी नाही. मी त्या पेपरात तीन तास बसलो आणि उत्तरपत्रिका कोरी दिली. पर्यवेक्षकांना वाटलं मला भोवळ आली आहे. त्यांनी पाणी दिलं आणि मुलाला फोन केला. आता तोच पेपर दहा दिवसांनी पुन्हा आहे, आणि नियम असा की दुसऱ्यांदा गेला तर नाव कमी होतं. म्हणजे मुलानं थोडा धीर धरला असता तर कदाचित त्याचं काम आपोआपच झालं असतं. हा विचार मला त्या खिडकीसमोर बसल्या बसल्या आला आणि त्याचा मला राग आला. मुलाचा नाही, विचाराचा.

राग मला फारसा जमत नाही. एकतीस वर्षं मी ग्रंथालयात सूचीचं काम केलं. लाकडी खण, खणांत कार्डं, प्रत्येक कार्डाला खालच्या बाजूला भोक, आणि सगळ्यांतून आरपार गेलेली पितळी सळई. पुस्तक बाद झालं की सळई ओढायची, कार्ड उचलायचं, सळई परत घालायची. बाद कार्डाची मागची बाजू कोरी असायची. ती मी आयुष्यभर वापरली, निरोपांना, हिशोबांना, बायकोला लिहायच्या चिठ्ठ्यांना. कुणी कार्ड चुकीच्या जागी ठेवलं असेल तर मी ते गुपचूप योग्य जागी लावायचो. कोण चुकलं हे विचारायचं धाडस झालं नाही, आणि गरजही वाटली नाही. मग एक दिवस कॉम्प्युटरवाला एक तरुण आला, आठ महिन्यांत त्यानं ते सगळे खण आत ओतले आणि मला म्हणाला, "काका, आता तुम्हाला काही करायचं नाही." तो चांगल्या मनानं बोलला होता. त्यानंतरची दोन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, मी दारापाशी लोकांच्या पिशव्या ठेवून घेत होतो. बिल्ला द्यायचा, पिशवी घ्यायची, बिल्ला घ्यायचा, पिशवी द्यायची. तिथं बसून मी रोज आतल्या पडद्याकडे बघायचो. लोक दोन अक्षरं टाइप करत आणि पुस्तक सापडत असे. कसं? माझ्या कार्डांचं यानं आत नेमकं काय केलं? कुठल्या खणात ठेवली? एवढ्यासाठी मी कॉलेजात गेलो. नोकरीसाठी नाही, मन रमवण्यासाठी नाही, म्हातारपणी काहीतरी हवं म्हणून तर मुळीच नाही. पण हे मी मुलाला कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावतो. खरं म्हणजे विचारलं असतं तरी मी 'असंच' म्हणालो असतो.

बाणाचं टोक 'रद्द करा' या शब्दांवर नेलं तेवढ्यात फोन वाजला. ताई. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे आणि तिला व्हिडिओवर बोलायला आवडतं, पण फोन ती कानाला लावते, त्यामुळे मला बोलणं संपेपर्यंत तिचा कान दिसतो. मागच्या सुट्टीत मी तिला दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, तोंड बघून काय करायचंय, पाहिलंय की अडुसष्ट वर्षं. आज तिची तक्रार अशी की अक्षरं अचानक मोठी झाली आहेत, एका वेळी पडद्यावर एकच शब्द मावतो, आणि नातवाचा निरोप वाचायला तिला पाऊण तास लागला. मी तिला सेटिंगमध्ये नेलं. म्हणजे तिनं कानापासून फोन काढायचा, मी सांगितलेलं दाबायचं, परत कानाला लावायचा, आणि मला विचारायचं की झालं का. मला कानाखेरीज काही दिसत नसल्यानं मी झालं असावं म्हणायचो. पंधरा मिनिटांनी खरोखरच झालं. मग ती म्हणाली, बरं झालं तू आता इथंच राहणार आहेस, मला प्रत्येक वेळी तुझ्या कॉलेजच्या वेळा बघायला नकोत. कान तसाच होता. त्यातली छोटी सोन्याची कुडी आईची, एवढंच मला दिसत होतं.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुझ्याच लेकानं. तो म्हणाला तू ठरवलंयस. का रे, नाही ठरवलंस?" मग तिचा आवाज खाली आला. "धाकट्या, लहानपणी तू घड्याळ उघडून बसायचास. मिटलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आता या वयात काय सिद्ध करायचंय? आणि कोरा कागद देऊन आलास म्हणे. तुझ्या बायकोचंही असंच सुरू झालं होतं, आठवतंय ना?"

आठवतंय ना, हे तिनं सहज विचारलं. पण कोरी उत्तरपत्रिका दिल्यापासून ते मला ज्या पद्धतीनं सगळे विचारत होते तसंच ते आलं, जणू परीक्षेचा पहिला प्रश्न. मी म्हणालो, आठवतंय. फोन ठेवला. मला सगळं आठवतं, हीच तर अडचण आहे. माझी बायको टेलिफोन ऑपरेटर होती. तिला सातशे नंबर पाठ होते, वही न उघडता. घरी पाहुणे आले की आम्ही गंमत करायचो, एखाद्या दुकानाचं नाव घ्यायचो आणि ती पोळपाट बाजूला न करता आकडे म्हणायची. पहिला गेला तो आमच्या घरचाच नंबर. ती मुलाला त्याच्या ऑफिसात फोन करून विचारायची की आपला नंबर काय रे, आणि तो हसायचा, सातशे नंबरांच्या बाईनं घरचा विचारावा यात त्याला विनोद दिसायचा. वर्षभर त्यानं तो विनोद मित्रांना सांगितला. मग एके दिवशी तिनं फोन करून विचारलं की तुम्ही कोण बोलताय. त्यानंतर तो तिच्या विषयावर कधीच हसला नाही, आणि माझ्याकडे बघायची त्याची नजर बदलली ती तेव्हापासून. त्याचं काम पूल तपासण्याचं. तो पुलांखाली शिडी लावून, छोट्या हातोडीनं काँक्रीट वाजवून बघतो. पोकळ आवाज आला की खडूनं गोल काढतो, आणि गोल फार झाले की पूल बंद करतो. त्यानं माझ्यावरही खडूचे गोल काढलेत. चहाचा कप कुठं ठेवला ते मी विसरलो, गोल. शेजाऱ्याला दुसऱ्याच नावानं हाक मारली, गोल. कोरी उत्तरपत्रिका, एवढा मोठा गोल.

आणि तो चुकतो आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्या पेपरात प्रश्न होता झाडाचा. कॉम्प्युटरवाल्यांचं झाड उलटं टांगलेलं असतं, मूळ वर, फांद्या खाली. प्रत्येक आकड्याच्या डावीकडे त्याहून लहान, उजवीकडे त्याहून मोठे, असा नियम. प्रश्न असा की सगळ्यात वरचा आकडा काढून टाकायचा आहे, त्याला दोन्ही बाजूंना फांद्या आहेत, तर त्याच्या जागी कोण येईल? दाखवा. मी प्रश्न वाचला आणि माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. नुसती पांढरी भिंत. पुढचे प्रश्न मला येत होते, पण मी त्या भिंतीसमोर बसून राहिलो. नंतर मला वाटलं होतं, सांगावं मुलाला की घरातलं वरचं माणूस गेलं आणि त्याच्या जागी कोण, हे वाचून मला तुझी आई आठवली. ऐकायला ते चांगलं वाटलं असतं. त्याचे डोळे भरून आले असते आणि खडूचा तो मोठा गोल पुसला गेला असता. पण ते खोटं आहे. मला ती त्या वेळी आठवली नाही. मी ते उत्तर आदल्या दिवशी घोकलं होतं, पाच पायऱ्या, ओळीनं, आणि पहिली पायरी निसटली तशा बाकीच्या चारही गेल्या. इतकंच. तिच्या मरणामागे मी माझं घोकणं लपवणार नाही. भोपळा मिळाला तो माझा मिळाला.

मी परत खिडकीकडे वळलो. रद्द करणं सोपं होतं. चार वेळा दाबायचं, नावं नाहीशी झाली असती, मुलाला वाटलं असतं यंत्रानं खाल्लं, आणि त्यानं पुन्हा पाठवलं असतं, मी पुन्हा खोडलं असतं. दहा दिवस असे काढता आले असते. चुकलेलं कार्ड गुपचूप जागेवर लावायचं, कुणाला काही कळू द्यायचं नाही, हेच तर मी आयुष्यभर केलं. हात सवयीनं तिकडे गेलाही. पण मला एकदम त्या दाराशी ठेवलेल्या पिशव्या दिसल्या, आणि तो तरुण, चांगल्या मनाचा, आता तुम्हाला काही करायचं नाही म्हणणारा. तेव्हाही मी बरं म्हणालो होतो. मनात आलं, येऊ दे बाहेर. माझ्याबद्दल जे लिहिलंय ते कागदावर येऊ दे. रांगेत ते पहिलं आलं आहे, तर पहिलं निघू दे.

प्रिंटरचं मागचं झाकण काढलं, मोबाइलचा उजेड पाडला. रुळाच्या टोकाशी कागदाची एक चिंधी अडकली होती. सुनेच्या पेटीतल्या चिमट्यानं ती हळूहळू ओढून काढली. तिच्यावर अर्धा गुडघा होता, आधीच्या छपाईतला. झाकण लावलं. यंत्रानं दोनदा घसा खाकरला आणि काम सुरू केलं. पहिलं पत्र आलं, कोमट. दुसरं. तिसरं. चौथं. त्यांच्या मागोमाग गुडघे वाकवणाऱ्या माणसाची बारा पानं आली, आणि सगळ्यात शेवटी माझी प्रश्नपत्रिका. मी पत्र उभ्यानंच वाचलं. सुरेख लिहिलं होतं, मला तसं जमलं नसतं. माझ्या वतीनं त्यानं प्राध्यापकांचे आभार मानले होते, वर्गमित्रांच्या प्रेमाचा उल्लेख केला होता, आणि मग, 'वाढतं वय व स्मरणशक्तीची तक्रार लक्षात घेता'. खाली सहीसाठी जागा. तो पुढे ठेवेल त्या कागदावर मी न वाचता सही करतो, हे त्याला माहीत आहे. चष्मा लावून पुन्हा एकदा वाचलं. मग चारही पत्रं उलटी करून जेवणाच्या टेबलावर ठेवली, एकावर एक, कडा जुळवून. मागची बाजू स्वच्छ होती.

ते दोघं आले तेव्हा मी टेबलाशी बसलो होतो. सुनेनं आधी प्रिंटरकडे पाहिलं, चालू झाला वाटतं म्हणाली, गुडघ्यांचा गठ्ठा उचलला, आणि मग टेबलावरचे कागद बघून थांबली. तिनं वरचा एक उलटून पाहिला आणि नवऱ्याकडे बघितलं. मी म्हटलं होतं ना, आधी त्यांना विचार, एवढं ती हळू बोलली आणि पिशव्या घेऊन आत गेली. आत तिनं नळ सोडला. तो बराच वेळ चालू राहिला.

मुलगा समोरच्या खुर्चीत बसला. त्यानं हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, परत उचलल्या. "मी आज बोलणारच होतो," तो म्हणाला.

"चार प्रती काढल्यास," मी म्हणालो. "एक पुरली असती."

तो हसला नाही. मग बराच वेळ बोलत राहिला. त्या परगावच्या खोलीत मला काही झालं तर कुणाला कळणार नाही. पर्यवेक्षकांचा फोन आला तेव्हा तो एका पुलाखाली शिडीवर होता आणि हातोडी तिथंच सोडून तो खाली उतरला. आईच्या वेळी तो वर्षभर हसत होता. त्या हसण्याची त्याला आजही लाज वाटते आणि पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं आहे. हे शेवटचं तो खिडकीकडे बघत म्हणाला. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला असता तर सही करून मोकळा झालो असतो, म्हणून ठेवला नाही.

"पूल पडल्यावर तपासायचा नसतो, बाबा," तो म्हणाला.

"मान्य. पण बंदची पाटी लावण्याआधी तू काय करतोस? मला सांगितलं होतंस एकदा. भरलेले ट्रक आणून उभे करतोस ना पुलावर?"

"करतो."

"चोवीस तास. आणि खाली बसून मोजतोस, किती वाकला, आणि ट्रक काढल्यावर परत किती वर आला."

"ते वेगळं."

"मग कर ना उभे ट्रक. माझ्यावर नुसते खडूचे गोल काढत बसलायस." मी प्रश्नपत्रिका त्याच्यापुढे सरकवली. "ही जुनी प्रश्नपत्रिका. मी पाहिलेली नाही, सकाळी न वाचता पाठवली. तीन तास लाव घड्याळ, आणि इथंच बस. माझ्या उत्तरांची तुझ्या बायकोच्या कॉम्प्युटरवर तपासणी कर, वाटल्यास कॉलेजात फोन करून विचार. सही मागायची तर त्यानंतर माग. त्याआधी नाही. आणि माझ्या नावानं पत्र लिहायचं तर मला विचारून लिहायचं. मी अजून घरात आहे."

त्याच्याशी मी इतकं सलग कधी बोललो नव्हतो. तोही असा बघत होता जणू कपाटातून आवाज आला. मग त्यानं मोबाइल काढला, तीन तास लावले आणि तो प्रिंटरला टेकवून उभा केला. उत्तरं लिहायला कागद आणतो म्हणून तो उठू लागला.

"आहेत की," मी म्हणालो, आणि वरचा पाठकोरा पुढे ओढला.

पहिला प्रश्न रांगेचा होता, आधी आलेलं आधी कसं निघतं याचा. तो मी पटकन लिहिला, हसू दाबत. दुसऱ्याला वेळ लागला, दुसरा कागद भरला. मुलगा आधी फोन बघत होता, मग नखं, मग माझं लिहिणं. माझ्या शाईखाली त्याची अक्षरं उलटी उमटलेली दिसत होती, आभार, प्रेम, तक्रार. तिसऱ्या प्रश्नाशी आलो आणि हात थांबला. झाड होतं. आकडे वेगळे, प्रश्न तोच. सगळ्यात वरचा काढा. त्याच्या जागी कोण, दाखवा. पुन्हा ती भिंत आली, तशीच पांढरी. पाच पायऱ्यांतली पहिली शोधायला मी आत हात घातला आणि हाताला काही लागलं नाही. आतल्या खोलीत सून चालायची थांबली. घड्याळ पुढे जात होतं. दोन मिनिटं गेली असतील, किंवा दहा.

मुलगा पुढे वाकला. "बाबा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "राहू दे हवं तर."

"परीक्षेत बोलत नाहीत," मी म्हणालो.

तो मागे सरला. मी डोळे मिटले. आठवायचा प्रयत्न सोडून दिला. गेलं ते गेलं, घोकलेलं माझं नव्हतंच. माझं काय आहे? माझे खण आहेत. मी खण ओढला. लाकडाचा तो वास आला, बोटांना कार्डांच्या कडा लागल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. सळई काढली. मधलं एक कार्ड उचललं. ते वर आलं तशी फट मिटली आणि त्याच्या जागी बोटाखाली आलं लगेच मागचं कार्ड. त्याच्याहून मोठं, पण मोठ्यांत सगळ्यात लहान. तेच. दुसरं कुणी येऊच शकत नाही, नाहीतर ओळ मोडेल. म्हणजे झाडात ते कुठं असणार? मोठे सगळे उजवीकडे. त्यांतला लहान डावीकडे. मी डोळे उघडले आणि लिहिलं: उजवीकडे एक पाऊल जायचं, मग डावीकडे, डावीकडे, वाट संपेपर्यंत. जिथं संपेल तो. पाच पायऱ्या नव्हत्याच, एकच गोष्ट होती, आणि ती मी एकतीस वर्षं रोज हातानं करत आलो होतो. त्या तरुणानं माझी कार्डं कुठं ठेवली ते मला त्या टेबलावर कळलं.

मी झाड काढलं, वरचा आकडा खोडला, त्याच्या जागी नवा बसवला, सगळ्या फांद्या एकेक करून पडताळल्या. कागद संपला. मुलानं किल्ल्या खिशात ठेवल्या. घड्याळात एक तास बारा मिनिटं शिल्लक होती. मी चौथा पाठकोरा पुढे ओढला.